पासपोर्टच्या रकान्यातली माणसं

दीदींकडे दोन चष्मे होते. एक जुन्या सिस्टिमचा, एक नव्या सिस्टिमचा. जुनी सिस्टिम म्हणजे काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं आणि नवी म्हणजे पांढऱ्या पडद्यावरचे निळे-पिवळे चौकोन. दोन्ही चष्मे दोऱ्यांनी गळ्यात लटकलेले असायचे, एकाचा दोरा काळा, दुसऱ्याचा लाल. दिवसातून चार वेळा त्या दोऱ्यांचा गुंता व्हायचा आणि दीदी तो सोडवत असताना ऑफिसात कोणी तोंड उघडलेलं त्यांना खपत नसे. मला वाटायचं, दोन्हींचे नंबर वेगळे असतील. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "नंबर एकच आहे गं. पण नजर वेगळी लागते ना."

मी त्या वेळी पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. एका विमा कंपनीची पस्तीस वर्षांची जुनी सिस्टिम बदलायचं काम आमच्याकडे आलं आणि त्यातल्या जबलपूरच्या शाखेसाठी कोणाला पाठवायचं, असा प्रश्न उभा राहिला. मी जबलपूरची, माझे वडील तिथल्या फॅक्टरीत होते, एवढ्या एका गुणावर माझी रवानगी झाली. ऑफिस नेपियर टाउनमध्ये, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर. पहिल्या दिवशी मी लॅपटॉपची बॅग सावरत जिना चढून गेले, तर समोर साठीला टेकलेल्या एक ठेंगण्या बाई बसलेल्या. टेबलावर माऊस होता आणि त्याच्यावर लोकरीचं विणलेलं झाकण होतं. हे झाकण कशाला, असं मी विचारलं.

"थंडी वाजते त्याला," त्या म्हणाल्या. "मी तर कधी हात नाही लावत. काहून लावू? दहा बोटं दिली आहेत ना देवानं." मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मराठी आहे ना तू? मग मघापासून हिंदीत काहून बोलून राहिली?"

मी म्हटलं, मॅडम, माझं मराठी जरा कच्चं आहे.

"पक्कं होऊन जाईल. आणि मॅडम नको म्हणू. सगळे दीदी म्हणतात, तू पण दीदी म्हण."

दीदींचं घराणं जबलपुरात कधी आलं, हे त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. "मराठ्यांच्या फौजेबरोबर आलो, मग परतीचा रस्ताच विसरलो," एवढंच सांगायच्या. ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्या नव्या नव्या लागल्या होत्या. बाकीच्या बाबूंनी त्या पेटीचा धसका घेतला, कोणी रजेवर गेलं, कोणी पाठदुखी काढली. शेवटी 'इन्हें टायपिंग आती है' म्हणून दीदींना प्रशिक्षणाला पाठवलं. तेव्हापासून ती सिस्टिम आणि दीदी असा संसार सुरू झाला. सिस्टिम अडली की दीदी पडद्याकडे बघून "अच्छा, आज मूड नाही वाटते," असं म्हणायच्या, कसलीशी तीन बटणं दाबायच्या आणि ती मुकाट चालू लागायची. ती तीन बटणं कुठली, हे त्यांनी मला सहा महिने सांगितलं नाही. मी मनातल्या मनात त्यांना खडूस म्हणून घेतलं होतं.

अशी बाई नव्या सिस्टिमला आडवी येणार, हे मी गृहीतच धरलं होतं. पण गंमत अशी की बदल व्हावा म्हणून हेड ऑफिसच्या मागे दीदीच लागल्या होत्या. फक्त त्यांची एक अट होती. बदल एकदम नको, तुकड्यातुकड्यानं हवा. दुसऱ्या एका शहरात सगळी सिस्टिम एका शनिवार-रविवारी उचलून फेकली होती आणि सोमवारी कोणाची पॉलिसी कोणाच्या नावावर दिसत होती. ते कळताच दीदींनी हेड ऑफिसला हातानं लिहिलेलं सात पानी पत्र धाडलं. जबलपूर तुकड्यातुकड्यानं करून दाखवतो, आधी एजंटांची यादी, मग लोकांचे पत्ते, मग हप्ते, मग दावे. एक तुकडा नवीन, बाकीचं सगळं जुनं, आणि नवीन तुकडा महिनाभर बिनचूक चालला की मगच जुना बंद. हेड ऑफिसच्या साहेबांना ते पटलं की सात पानं वाचायचा कंटाळा आला, कोण जाणे, पण परवानगी मिळाली.

"हे असं का?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. आमच्या कंपनीतही तुकड्यांची पद्धत सांगायचे, पण तिचं नाव इंग्रजी होतं आणि सोबत बाणांची चित्रं असायची. दीदी उठल्या, पर्स घेतली आणि म्हणाल्या, "चलो, घरी."

भर दुपारी मला आणि माझ्यासोबत पुण्याहून आलेल्या दोघा सहकाऱ्यांना घेऊन त्या घमापुरला आपल्या घरी गेल्या. बाजाराच्या गल्लीत, खाली दुकान आणि वर घर. सरळ स्वयंपाकघरात नेलं. दोन वर्षांपासून त्यांनी ते नवीन करायला घेतलं होतं. पहिल्या उन्हाळ्यात फक्त ओटा. दिवाळीनंतर नळ आणि मोरी. मग खिडकी. आता एकाच भिंतीवर नवी फडताळं होती आणि समोरच्या भिंतीवर जुनी लाकडी. नव्यात रोजचे डबे, जुन्यात अजून लोणच्याच्या बरण्या. "दोन साल झाले," दीदी अभिमानानं म्हणाल्या, "पण एक दिवस घर उपाशी नाही राहिलं. एक दिवस बाहेरून डबा नाही आला. समजलं?" आमच्यातल्या एकानं वहीत काहीतरी टिपून घेतलं. मग दीदींनी आम्हाला त्या अर्ध्या नव्या, अर्ध्या जुन्या स्वयंपाकघरात मूगडाळीचे गरम मंगोडे तळून घातले आणि मला ती पद्धत पूर्णपणे पटली.

रोज सकाळी दहा वाजता ऑफिसात 'आमने-सामने' व्हायचं. हे दीदींनी दिलेलं नाव. कुठल्याही दहा पॉलिसी निवडायच्या, जुन्या पडद्यावरचं ऑफिसचे चपराशी भैया मोठ्यानं वाचणार, नव्या पडद्यावरचं मी वाचणार, आणि मध्ये खुर्चीवर दीदी डोळे मिटून ऐकणार. मी म्हटलं, दीदी, हे तर संगणक एका मिनिटात ताडून देतो, सगळ्या पॉलिसींचं. त्या म्हणाल्या, "त्याला पण ताडू दे. पण त्याला नावं ऐकू येतात का?" भैयांचा आवाज असा खणखणीत की बाहेर बाकावर बसलेल्या लोकांपैकी कोणाचं नाव निघालं तर तो तिथूनच "हाजिर!" म्हणायचा. एकदा खालच्या कोचिंगचे सर तक्रार घेऊन वर आले. दीदींनी त्यांना बसवलं, त्यांचीही पॉलिसी शोधून काढली आणि दोन्हीकडून वाचून दाखवली. पुन्हा काही ते आले नाहीत.

पहिला तुकडा म्हणजे एजंटांची यादी. महिनाभर नवी यादी बिनचूक चालली आणि जुनी बंद करायचा दिवस आला. मी आपली बटण दाबायच्या तयारीत. दीदी म्हणाल्या, "अशीच? बिना सेंड-ऑफ?" सरकारी छापाच्या ऑफिसात माणूस निवृत्त होतो तेव्हा जे जे होतं ते सगळं त्यांनी त्या यादीसाठी केलं. जुन्या यादीचा जाडजूड छापील गठ्ठा खुर्चीवर ठेवला, त्याला झेंडूचा हार घातला, शाल पांघरली, नारळ दिला. खोवा जलेबी आली. भैयांनी भाषण केलं. "इन्होंने इतने बरस में एक दिन की छुट्टी नहीं ली. किसी से ऊँची आवाज में बात नहीं की." नेमकं त्याच वेळी हेड ऑफिसच्या साहेबांचा व्हिडिओ कॉल लागला. त्यांना पडद्यावर हार, शाल आणि गंभीर चेहरे दिसले. साहेब बिचारे तिकडे खुर्चीतून उठून उभे राहिले आणि म्हणाले की कंपनी त्यांची सेवा विसरणार नाही, पुढचं आयुष्य सुखासमाधानात जावो. आम्ही सगळे खाली मान घालून उभे. दीदींनी मात्र अगदी शांतपणे गठ्ठ्याच्या वतीनं आभार मानले.

हसून हसून माझं पोट दुखलं त्या दिवशी. नोकरीतला तो माझा सगळ्यात आनंदाचा दिवस असेल.

दुसरा तुकडा पत्त्यांचा. प्रत्येक विमेदाराचं नाव, गाव, फोन वगैरे नव्या सिस्टिममध्ये न्यायचं. हे काम सोपं होतं. पत्ते गेले, ताडून झाले, आमने-सामनेही छान चाललं. मग नव्या सिस्टिमनं आपण होऊन पत्रांची पहिली खेप काढली आणि आठवड्यानं बरगीकडचे एक मच्छीमार काका ऑफिसात हजर झाले. अंगात धुतलेला सदरा, खांद्यावर गमछा आणि हातात आमचं पत्र.

"दीदी," ते म्हणाले, "इसमें लिखा है हम बिदेस में रहते हैं. पूरे गाँव ने पढ लई. हम तो भोपाल नहीं गए आज तक. जे बिदेस कब चले गए?"

दीदींनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि पत्र वाचलं. पत्रात खरंच तसं होतं. आपण परदेशात राहता असं आमच्या नोंदीवरून दिसतं, तरी तिथल्या वास्तव्याचा दाखला पाठवावा. मी धावत नव्या सिस्टिममध्ये काकांची नोंद उघडली. पासपोर्टच्या रकान्यात काहीतरी भरलेलं होतं, म्हणून सिस्टिमनं त्यांना परदेशी धरलं होतं. काय भरलंय म्हणून बघितलं तर इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, 'हनुमान मंदिर के पीछे, दो बकरी वाला घर.'

मी दुसरी नोंद उघडली. पासपोर्ट क्रमांक, 'नीम के पास पूछ लेना.' तिसरी. पासपोर्ट क्रमांक, 'दोपहर में मत जाना, सोता है.'

दीदींनी जुना चष्मा लावला, मग काढून नवा लावला. चेहरा आधी पांढरा पडला आणि मग त्या अशा हसायला लागल्या की दोन्ही चष्म्यांचे दोरे एकमेकांत अडकले. मच्छीमार काकाही हसू लागले, कशाला हसतोय हे न कळताच. डोळे पुसत दीदी म्हणाल्या, "ही चूक माझी आहे गं. नई नहीं है, पस्तीस साल जुनी आहे."

झालं होतं असं. जुन्या सिस्टिममध्ये पत्त्याला तीनच ओळी होत्या आणि त्याही आखूड. शहरातल्या माणसाला पुरायच्या. पण बरगीच्या बाजूच्या गावात घराला नंबर नाही, गल्लीला नाव नाही, एका गावात एकाच नावाचे चौघे. घर कसं सापडणार, हे लिहायला जागाच नव्हती. दीदींनी पडद्यावर नजर फिरवली. पासपोर्टचा रकाना मोकळा. या गावांतून पासपोर्ट कोणाकडे असणार? मग त्यांनी तिथे खुणा लिहायला सुरुवात केली. त्यांचं बघून बाकीचे बाबूही लिहू लागले. पत्र पाठवायचं झालं की पडद्यावर खूण वाचायची आणि पाकिटावर पत्त्याखाली हातानं लिहायची. पोस्टमनला नेमकं तेच हवं असायचं. पस्तीस वर्षं हे इतकं सुरळीत चाललं की तो रकाना कशाचा आहे, हे सगळे विसरून गेले. दीदीसुद्धा. अशी माणसं निघाली एकशे सेहेचाळीस.

काका गेले ते पत्र घडी घालून परत घेऊनच. "रहने दो," म्हणाले, "घर में टाँगेंगे."

हेड ऑफिसला मात्र हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी साहेब पडद्यावर आले. या वेळी ते बसूनच होते. जबलपूरचा डेटा कचरा आहे, असं ते म्हणाले. तुकड्यांचे लाड पुरे झाले, महिन्याच्या शेवटी सगळं एकदम नव्या सिस्टिममध्ये ओढून घेऊ. ज्यांच्या पत्त्यात गडबड आहे त्यांना 'अपूर्ण' अशा वेगळ्या यादीत टाकू. त्यांना पत्रं जाणार नाहीत. आपली कागदपत्रं घेऊन ते स्वतः ऑफिसात आले की मग बघू.

मी दीदींकडे बघितलं. त्यांचा हात माऊसच्या लोकरी झाकणावर होता आणि झाकण त्यांनी चुरगाळलं होतं. "साहब," त्या म्हणाल्या, "वो नहीं आएंगे. उनको मालूम ही नहीं होगा कि आना है. ते समजतील, आपला विमा आहे. आणि ज्या दिवशी घरात खरंच काही होईल, त्या दिवशी इथे त्यांचं नाव निघणार नाही." रागात आल्या की त्यांच्या एका वाक्यात दोन भाषा यायच्या. साहेब मराठीच होते, त्यांना दोन्ही कळल्या असणार.

साहेब म्हणाले, मग काय करायचं?

"एक छोटासा तुकडा अजून करू द्या. 'घर कसं सापडेल' नावाचा रकाना. पाकिटावर आपोआप छापला जाईल असा. मग या एकशे सेहेचाळीस लोकांना नव्या सिस्टिममधून चिठ्ठी पाठवतो. आत जवाबी कार्ड. कार्डं परत आली तर आमचं काम तुकड्यातुकड्यानं चालू द्या आणि एकाचंही नाव अपूर्णमध्ये टाकू नका. नाही आली तर तुम्ही म्हणाल तसं."

"किती कार्डं यायला हवीत?"

मी टेबलाखालून दीदींच्या पायावर पाय दिला. शंभर म्हणा, जास्तीत जास्त सव्वाशे म्हणा, असं मनात ओरडत होते.

"सगळी," दीदी म्हणाल्या.

साहेबांनी महिन्याच्या शेवटापर्यंत मुदत दिली. त्याच तारखेला दीदी निवृत्त होणार होत्या. कॉल संपल्यावर मी त्यांच्यावर चक्क चिडले. सगळी कशाला म्हणालात, एखादं कार्ड टपालात हरवतं, एखादा माणूस गावाला गेलेला असतो! त्या म्हणाल्या, "मग कोणाला सोडू, सांग ना. यादी आण, बोट ठेव." मी यादी आणलीच नाही.

तो रकाना आम्ही चार दिवसांत बनवला. माझ्या आयुष्यात मी एवढं छोटं आणि एवढं चांगलं काम केलेलं नाही. दीदींनी प्रत्येक खूण पासपोर्टमधून उचलून नव्या जागी ठेवताना मोठ्यानं वाचली. काही जुन्या झाल्या होत्या, त्या गावात फोन करून ठीक केल्या. 'दो बकरी वाला घर' आता सात बकरी वाला झाला होता. 'दोपहर में सोता है' याबद्दल चौकशी केली, तर अजूनही झोपतो असं कळलं. चिठ्ठ्या गेल्या.

दहाव्या दिवशी पहिली कार्डं आली. मग रोज येऊ लागली. कोणाची सही, कोणाचा अंगठा. एकानं कार्डावर जागा उरली म्हणून नावेचं चित्र काढलं होतं. एकीनं लिहिलं, 'मिल गई, सब ठीक है, आप कैसी हैं.' आमने-सामने संपलं की भैया कार्डांवरची नावं पुकारायचे आणि बाकावरचे अनोळखी लोकही टाळ्या वाजवायचे. ऑफिसला लग्नघराची कळा आली होती. शेवटच्या आठवड्यात एकशे पंचेचाळीस झाली.

राहिलं एक. आणि निवृत्तीला तीन दिवस असताना त्या एकाची चिठ्ठीच परत आली. पाकिटावर पोस्टमनचा शेरा होता, 'लेने से इनकार'. नाव एका बाईचं होतं आणि खाली आमच्याच नव्या रकान्यातून छापलेली खूण, 'इमली के पास, नीली नाव वाली.'

दीदींनी ते पाकीट उलटसुलट करून बघितलं. मी म्हटलं, दीदी, हे तर उलट चांगलं झालं. घर सापडलं म्हणून तर नकार दिला ना तिनं? साहेबांना सांगू.

"शर्त कार्डाची होती," त्या म्हणाल्या. आणि मग हळूच, "तिनं नाही काहून म्हटलं असेल? ती तर मला ओळखते."

शर्तीपेक्षा हेच त्यांना जास्त लागलं होतं. त्या दिवशी दीदींनी डबाही खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आमने-सामने न करताच त्यांनी स्कूटर काढली आणि मला मागे बसवलं.

दीदींच्या स्कूटरवर बसणं हा स्वतंत्र अनुभव होता. वेग असा की आम्हाला सायकलवाले ओलांडायचे, आणि ओलांडताना नमस्कार करायचे. वळणाच्या दोन फर्लांग आधीपासून त्यांचा हात बाहेर. रस्त्यात गाय बसलेली दिसली की हॉर्न नाही, थांबून समजूत घालायची. बरगीकडे पोचेपर्यंत अकरा वाजले. गावात शिरल्यावर चहाच्या टपरीवर विचारलं, इमली के पास वाली कहाँ रहती हैं? टपरीवाला म्हणाला, "इमली तो कट गई, दीदी. मगर इमली के पास तो जेई है," आणि त्यानं समोर बोट दाखवलं.

समोर पाण्याच्या काठी एक म्हातारी जाळं नीट करत बसली होती. शेजारी नाव पालथी घातलेली, नुकताच नवा रंग दिलेला, निळाच. आम्हाला बघून ती उठली नाही. जाळ्यातली गाठ पुरी केली आणि म्हणाली, "आ गईं? बडे दिन लगा दए."

दीदी तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "चिट्ठी काहे लौटा दी?"

"लौटाई, तभी तो आईं."

म्हातारी आपल्याच तालात सांगत राहिली. "पहले चिट्ठी लौटती थी तो तुम खुद आती थीं, देखने, कि जिंदा हैं कि नहीं. अब सबने ले ली चिट्ठी. लो, बताओ, उनमें से किसके घर गईं तुम?"

दीदींनी तिचा हात धरला आणि दोघी हसायला लागल्या. दीदींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि माझ्याही. मग म्हातारीनं कार्डावर अंगठा उठवला, आम्हाला मासे खाल्ल्याशिवाय हलू दिलं नाही, आणि निघताना पदराला हात पुसत विचारलं, "अगली बार भी लौटा दें?"

दोन दिवसांनी निवृत्त होणारी बाई. मला वाटलं, आता समजावून सांगतील की मी नसेन, चिठ्ठी घेत जा.

"लौटा देना," दीदी म्हणाल्या.

एकशे सेहेचाळीसावं कार्ड मी साहेबांना कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं. जबलपूरचं काम तुकड्यातुकड्यानंच पुरं झालं, अपूर्णच्या यादीत एकही नाव गेलं नाही, आणि 'घर कसं सापडेल' हा रकाना आता कंपनीच्या सगळ्या शाखांत आहे. मी पुण्यातूनच त्या सिस्टिमची देखरेख करते. दर वर्षी पत्रांची खेप गेली की तिचा अहवाल माझ्याकडे येतो, आणि दर वर्षी त्यात जबलपूर शाखेचं एक पत्र 'घेण्यास नकार' म्हणून लाल रंगात दिसतं. नव्या आलेल्या मुलांना ती सिस्टिमची चूक वाटते, ती दुरुस्त करू का म्हणून विचारतात. मी त्यांना त्या ओळीला हात लावू देत नाही. घमापुरला फोन लावते आणि म्हणते, "दीदी, चिठ्ठी परत आली." पलीकडून नुसता स्कूटरच्या किल्ल्यांचा आवाज येतो.